पतपेढीतलं माझं टेबल आणि एआय

तीन वर्षांपूर्वी आमच्या वार्षिक सभेच्या सूचनेवर मागल्या वर्षीची तारीख छापली गेली. वार बरोबर, वेळ बरोबर, मंगल कार्यालयाचं नाव बरोबर, तारीख तेवढी जुनी. चूक माझी होती. जुनी फाईल उघडायची, तारखा आणि आकडे बदलायचे, नव्या नावाने सेव्ह करायची, ही आमच्याकडची वर्षानुवर्षांची रीत. त्या दिवशी एका जागची तारीख बदलायची राहून गेली. सभेच्या १४ पूर्ण दिवस आधी सूचना सभासदांपर्यंत जावी लागते, त्यामुळे पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी, आमचा शिपाई आणि दोन पिग्मी एजंट (घरोघर जाऊन रोजची बचत गोळा करणारे) रात्री साडेअकरापर्यंत साडेसातशे सूचनांवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवत बसलो होतो.

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला एका पतपेढीत मी १९ वर्षांपासून लिपिक आहे. रोकड, पासबुकं, ठेवींच्या पावत्या ही कामं काउंटरवरची मंडळी करतात. माझ्या टेबलावर लिहिण्याचं काम येतं: सभेच्या सूचना, इतिवृत्त, थकबाकीदारांची पत्रं, सहायक निबंधक कार्यालयाला जाणारे खुलासे, लेखापरीक्षणानंतरचा दोष दुरुस्ती अहवाल. ही कामं करताना गेलं सव्वा वर्ष मी एआयची मदत घेते आहे, आणि ती घेताना काय काय शिकावं लागलं ते इथे लिहिते आहे. माझ्यासारख्या टेबलावर बसणारे खूप जण आहेत. त्यांच्यापर्यंत या विषयावर जे पोचतं ते बहुतेक मोठ्या शहरांतल्या कंपन्यांच्या कामाबद्दल असतं. ठराव, सूचक, अनुमोदक, जामीनदार या आमच्या जगाबद्दल त्यात काही नसतं.

सुरुवात आमच्या कॅशियरमुळे झाली. तो एमपीएससीचा अभ्यास करतो आणि चॅटजीपीटीकडून प्रश्न काढून घेतो. जुलैत सभेची गडबड सुरू झाली तेव्हा म्हणाला, "ताई, सूचना याच्याकडून लिहून घ्या, परत चिठ्ठ्या चिकटवायला नकोत." मी टाईप केलं, 'पतसंस्थेच्या वार्षिक सभेची सूचना लिही.' पाच-सात सेकंदांत पानभर मजकूर आला. "सर्व सन्माननीय सदस्यांना सूचित करण्यात येते की, संस्थेची वार्षिक साधारण बैठक आयोजित करण्यात आलेली आहे." वाचायला गुळगुळीत, पण आमची नव्हे. आमच्याकडे 'सदस्य' नसतात, 'सभासद' असतात. 'बैठक' संचालक मंडळाची, सभासदांची ती 'सर्वसाधारण सभा'. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळाची टीप नव्हती: गणपूर्तीअभावी (म्हणजे ठरलेल्या संख्येइतके सभासद हजर नसल्यामुळे) सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. ही टीप नसेल आणि ठरल्या वेळी माणसं जमली नाहीत, तर सभेची सगळी तयारी वाया जाऊ शकते. आमच्या गावात साडेदहाची सभा म्हटली की अकराच्या आत गणपूर्ती कधी झालेली मला आठवत नाही.

मी तेव्हाच ते सोडून देणार होते. पण मनात आलं, नवा लिपिक आला असता तर त्याला तरी मी काय नुसतं 'सूचना लिही' म्हणाले असते? मागल्या दोन-तीन वर्षांच्या सूचना त्याच्यापुढे ठेवल्या असत्या. मग तेच करायला गेले, तर फॉन्टची अडचण निघाली. आमचं २०१९ पर्यंतचं सगळं टायपिंग श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधलं. तो मजकूर कॉपी करून चॅटजीपीटीत टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण त्या फाईलमध्ये मराठी अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, साठवलेलीच नसतात. वरून फक्त फॉन्टचा मुखवटा असतो. मराठी कार्यालयांत ही अडचण घरोघरी आहे. उपाय सोपा निघाला. छापील सूचनेचा मोबाईलवर फोटो काढला आणि 'यातला मजकूर जसाच्या तसा टाईप करून दे' म्हटलं. डोळ्यांना दिसतं तेच त्याने वाचलं, आणि छपाई स्वच्छ असल्यामुळे दोन-तीन जोडाक्षरं सोडता बरोबर वाचलं. त्या एका युक्तीने आमची जुनी परिपत्रकं, उपविधींची प्रत, अर्जांचे नमुने असं बरंच काही मी युनिकोडमध्ये आणून ठेवलं आहे. रोज चार पानं, असं तीन महिने ते काम चाललं.

तर, तीन वर्षांच्या सूचना नमुन्याला दिल्या, सोबत शब्दांची यादी दिली आणि सांगितलं की याच साच्यात लिही, यातला कुठलाही नेहमीचा परिच्छेद गाळू नकोस, जिथे तारीख, वेळ किंवा रक्कम येते तिथे रिकामी चौकट ठेव, स्वतःहून काही भरू नकोस. या वेळी आलेली सूचना आमची वाटली. रिकाम्या चौकटींचा फायदा मोठा झाला. आधी जुनी तारीख जागेवर बसलेली असायची आणि नजर तिच्यावरून घसरायची. रिकामी जागा मात्र भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

व्यवस्थापकांना ते आवडलं, तरी चेअरमनना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलं. आमचे चेअरमन अण्णा पंच्याहत्तरीचे आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "१९४५ मध्ये आपल्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच कंपनी पुढे विप्रो झाली, संगणकाची झाली. आपण अमळनेरकरांनी नव्या यंत्राला भ्यायचं कारण नाही. पण लोकांची नावं आणि आकडे बाहेर जाता कामा नयेत." त्यांनी संचालक मंडळात तसा ठरावच करून घेतला. सभासदाचं नाव, खाते क्रमांक, आधार, मोबाईल, गाव यातलं काहीही एआयला द्यायचं नाही. आपल्या संभाषणांचा वापर प्रशिक्षणासाठी होऊ नये म्हणून सेटिंगमधला तो पर्याय बंद करायचा. आमच्या जिल्ह्यात एके काळी पतसंस्थांमध्ये लोकांच्या ठेवी अडकल्या आणि माणसं वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिली. त्याची झळ सगळ्याच पतपेढ्यांच्या नावाला बसली. लोकांचा भरवसा ही आमची पहिली ठेव आहे, म्हणून अण्णांची ही अट मला शंभर टक्के पटली. माझ्या कागदात आता 'कर्जदार अ', 'जामीनदार १' असंच असतं आणि खरी नावं मी शेवटी आमच्या संगणकावर भरते.

सूचनेनंतर इतिवृत्त. मंडळाची बैठक अडीच-तीन तास चालते, मी वहीत तुटक टिपणं घेते आणि मग दीड दिवस ती जुळवत बसते. एकदा सगळ्यांच्या संमतीने बैठकीचा एक भाग रेकॉर्ड करून तो मजकुरात उतरवून पाहिला. आमचे संचालक औपचारिक बोलायला मराठीत सुरुवात करतात आणि विषय तापला की अहिराणीवर येतात. एक संचालक म्हणाले होते, "हाऊ जामीनदार दोन जागे थकेल शे," म्हणजे हा जामीनदार दोन ठिकाणी थकबाकीत आहे. यंत्राने लिहिलं, 'हा जमीनदार दोन जागा थकलेले शेअर.' जामीनदाराचा जमीनदार झाला आणि 'शे' म्हणजे 'आहे' याचा शेअर. पतपेढीच्या कागदात 'शेअर' हा शब्द सहज खपून जाणारा, म्हणून ही चूक जास्त धोक्याची. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली १८ लाखांवर लोकांची नोंद आहे आणि अहिराणी त्यातच धरलेली आहे. एवढ्या लोकांची बोली ऐकताना यंत्र चाचपडतं, याचं मला खरंच वाईट वाटलं. रेकॉर्डिंगचा नाद सोडला.

त्याऐवजी आता मी बैठक संपली की लगेच, आठवण ताजी असताना, वही पुढे ठेवून मोबाईलच्या कीबोर्डवरचा माईक दाबते आणि प्रमाण मराठीत सावकाश बोलत जाते: विषय क्रमांक चार, कर्जदार अ यांचा वाहन कर्जाचा अर्ज, चर्चा अशी झाली, सूचक संचालक दोन, अनुमोदक संचालक पाच. विरामचिन्हं नसतात, वाक्यं मोडकी असतात, चालतं. तो सगळा मजकूर एआयला देते आणि आमच्या इतिवृत्ताच्या साच्यात बसवायला सांगते. दीड दिवसाचं काम दोन तासांवर आलं, आणि त्यावर तासभर तपासणी.

ती तपासणी का, तर त्याच कर्जाच्या विषयामुळे. ज्या संचालकांनी जामीनदाराबद्दल हरकत घेतली, त्यांनी शेवटी स्पष्ट सांगितलं होतं, "माझा विरोध लिहून घ्या." मी तो बोलून टिपला होता. मजकुरात 'संचालक सात यांनी विरोध नोंदवला' असं होतं. एआयने चर्चेत त्यांची हरकत छान शब्दांत मांडली आणि ठरावाच्या शेवटी लिहिलं, 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.'

मी इतिवृत्ताच्या वहीत उतरवताना तिथे थांबले. हाताला घाम आला होता. वाचायला ते वाक्य इतकं ओळखीचं आहे की दहा माणसांनी वाचलं तरी नऊ जण पुढे जातील. पण उद्या सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी लागली आणि ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरवायची वेळ आली, तर 'विरोध नोंदवला' ही एक ओळ त्या माणसाच्या बाजूने उभी राहणार असते. ती पुसली गेली असती. माझ्या हातून पुसली गेली असती, कारण इतिवृत्तावर लिहिणारी मी.

हे का झालं याचा मी खूप विचार केला, वाचलंही. हे यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कुठला येण्याजोगा आहे ते ठरवत लिहीत जातं. आणि आपल्या सहकारी संस्थांच्या इतिवृत्तांत 'ठराव' म्हटलं की शेवटी 'सर्वानुमते मंजूर' हेच हजारो वेळा आलेलं असतं. म्हणजे नेहमी काय होतं ते त्याला चांगलं माहीत असतं. या खेपेला काय झालं ते फक्त त्या खोलीत बसलेल्या माणसांना माहीत असतं. तेव्हापासून मी मसुदा वाचताना त्यातली सगळ्यात ओळखीची, सगळ्यात सराईत वाक्यं आधी पेन्सिलीने अधोरेखित करते आणि वहीतल्या टिपणाशी ताडून बघते. अवघड वाक्यांत चूक असली तर ती बोचतेच. सोप्या वाक्यात ती लपून बसते.

थकबाकीदारांच्या पत्रातही तेच झालं होतं. पहिल्याच मसुद्यात त्याने 'अन्यथा कलम १३८ अन्वये कारवाई करण्यात येईल' असं लिहिलं. १३८ हे परक्राम्य संलेख अधिनियमातलं, धनादेश न वटल्याचं कलम. त्या कर्जदाराने धनादेश दिलेलाच नव्हता. आमची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ च्या वसुली दाखल्याने होते. थकबाकी म्हटलं की १३८ आठवणार, हे नेहमीचं. आता पत्रात कलम घालायचंच नाही असं मी त्याला सांगून ठेवलं आहे. कायद्याची नोटीस वकीलसाहेब लिहितात, ती त्यांचीच राहील. एखादं लांबलचक शासकीय परिपत्रक समजून घ्यायचं असेल तर मी ते नोटबुकएलएम या गुगलच्या एआय साधनात टाकते, कारण ते उत्तरासोबत परिपत्रकातली नेमकी जागा दाखवतं आणि मला तिथे जाऊन मूळ ओळ वाचता येते. परिपत्रक सगळ्यांसाठी खुलं असतं, त्यामुळे गुप्ततेचा प्रश्न येत नाही.

आकड्यांचं सांगायचं राहिलं. एकदा ४३ थकीत कर्जांच्या रकमा, नावं काढून, एआयला देऊन बेरीज मागितली. उत्तर लगेच आलं, कॅल्क्युलेटरवरची बेरीज वेगळी निघाली. परत विचारलं तर त्याने माफी मागून तिसराच आकडा दिला. काही वेळा ते आत स्वतंत्र गणिती प्रोग्राम चालवून अचूक उत्तर देतं असं नंतर कळलं. पण कुठलं उत्तर गणिताने आलं आणि कुठलं अंदाजाने, ते नुसतं आकडा बघून मला ओळखता येत नाही. म्हणून मी बेरीज मागणं बंद केलं आणि सूत्र मागायला लागले. 'मुद्दल, दर आणि दिवस या तीन रकान्यांवरून दिनवार सरळव्याज काढायचं एक्सेलचं सूत्र दे.' मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस भागिले ३६५००, हे त्याने बरोबर दिलं. मग मी एक खातं हाताने केलं: ४८,००० रुपये, १३ टक्के, ७३ दिवस, व्याज १,२४८. एक्सेलमध्ये तेच आलं. अशी तीन खाती जुळली की बाकीच्यांची काळजी एक्सेलने करावी.

इथे एक छोटी गोष्ट, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आमच्या आधीच्या लिपिकांनी काही याद्या एक्सेलमध्ये देवनागरी अंकांत टाईप केल्या होत्या. एक्सेल '४८०००' ला संख्या न मानता अक्षरं मानतं, त्यामुळे बेरीज शून्य येते. मी वर्षानुवर्षं त्या याद्या परत टाईप करत होते. एआयला अडचण सांगितली तर त्याने दहाही अंक एकामागून एक बदलून शेवटी त्यांची संख्या करणारं, सबस्टिट्यूट या अक्षरं बदलणाऱ्या एक्सेल फंक्शनचं, लांबलचक सूत्र दिलं. ते एका रकान्यात टाकलं आणि ६०० ओळी एका झटक्यात मोजण्याजोग्या झाल्या. त्या दिवशी मी पाचच्या बसने घरी गेले, मार्चअखेर असूनही.

वाचलेल्या वेळाचं काय करते, असं व्यवस्थापकांनी मध्यंतरी विचारलं. मी तो थकबाकीदारांना देते. आमचं जुनं पत्र असं सुरू व्हायचं: 'आपणांस या पत्रान्वये कळविण्यात येते की, आपण संस्थेकडून घेतलेल्या कर्जाची परतफेड विहित मुदतीत न केल्याने...' दर आठवड्याला कुणी ना कुणी ते पत्र घेऊन माझ्या टेबलाशी यायचं आणि म्हणायचं, "ताई, हाई कागदमा काय लिखेल शे?" एआयला ते पत्र देऊन सांगितलं की चौथी शिकलेल्या माणसाला एका वाचनात कळेल असं लिही, किती बाकी, कधीपर्यंत, कुणाला भेटायचं एवढंच. सहा ओळींचं पत्र झालं. भाषा सोपी करायला त्याच्यासारखा मदतनीस नाही, हे मी मनापासून सांगते.

अहिराणीत मात्र जमलं नाही. मागितल्यावर त्याने जे दिलं त्यात थोडी मराठी, थोडी हिंदी, मधूनच गुजरातीची झाक होती. म्हणून पत्र सोप्या मराठीत जातं आणि त्यासोबत फोनवरचा निरोप मी स्वतः बोलून पाठवते.

दिवाळीनंतर तापीकाठच्या एका गावच्या आबांना असं पत्र गेलं. म्हशीसाठी घेतलेल्या कर्जाचे तीन हप्ते राहिले होते. मसुदा वाचताना मला वाटलं, यात सगळं आहे, पण आबांच्या मनात जे पहिलं येईल ते नाही. त्यांचे जामीनदार म्हणजे त्यांचे व्याही. मी शेवटी एक ओळ घातली: 'तुमच्या जामीनदारांना आम्ही अजून पत्र पाठवलेलं नाही.' मग निरोप बोलले, "राम राम आबा. तुमना तीन हप्ता बाकी शेतस. कापूस इकना का? एक हप्ता भरी द्या, बाकीनं आपण बशीसन ठरावूत."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "समजनं ताई. कापूसना पैसा मंगयवारे येतीन, बुधवारले येसू मी."

बुधवारी सव्वाअकराला आबा आले. काउंटरवर हप्ता भरला, पावती घेतली आणि माझ्या टेबलाशी येऊन खिशातलं पत्र काढलं. घडी घालून घालून कागद मऊ झाला होता. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हाई खरं शे ना?" मी टपालाचं रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि त्यांनी स्वतः एकेक नाव वाचत पान संपवलं.